शत्रू अडवा, शत्रू जिरवा : टॉवर डिफेन्स गेम्सवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सुट्टीतल्या गेम्सबद्दल लिहिताना टॉवर डिफेन्सवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्या चार ओळींवर आली, जळगाव, भुसावळ, धुळे, रावेर, चोपडा, पार नंदुरबारपासून. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. एक वाट असते, तिच्यावरून शत्रू टोळीटोळीने येतात, एका टोळीला वेव्ह म्हणतात. आपण वाटेच्या कडेला टॉवर उभे करायचे, ते आपोआप मारा करतात, मेलेल्या शत्रूमागे पैसे मिळतात आणि त्याच पैशातून पुढचा टॉवर. ठरलेल्यापेक्षा जास्त शत्रू पलीकडे निसटले की डाव संपला.

प्रश्न : दादा, तुम्ही प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज, किंगडम रश आणि ब्लून्स टीडी ६ अशी तीन नावं घेतली आणि सोडून दिलं. मी तिघांचे व्हिडिओ बघितले, तिन्ही भारी वाटले, पण खिशात पैसे एकाच गेमचे आहेत भो. कोणता घेऊ ते सांगा आणि का ते पण सांगा.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : का ते आधी सांगतो, कारण ते एकदा कळलं की कोणता ते तुझं तूच ठरवशील.

आमचं मूळ गाव पारोळ्याकडचं, पाऊस बेताचा, गावात शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, पाणी अडवा पाणी जिरवा. काका शेताशेजारच्या नाल्यावरचा बांध दाखवायचे आणि सांगायचे, पाणी धावत निघून गेलं तर विहिरीला थेंब मिळत नाही, तेच पाणी इथं थबकलं की जमिनीत उतरतं. टॉवर डिफेन्सचं गणित हेच आहे बघ. समज तुझा टॉवर सेकंदाला एक बाण मारतो आणि शत्रू त्याच्या टप्प्यातून चार सेकंदात निघून जातो, म्हणजे त्याला बसले चार बाण. आता त्याच शत्रूला तिथंच आठ सेकंद जास्त अडकवलं तर बारा बाण, टॉवर तोच आणि त्याला अपग्रेडही नाही. नवीन खेळणारा माणूस टॉवर किती मोठा करू याच विचारात असतो, आणि खरा प्रश्न असतो शत्रू माऱ्यात किती वेळ राहतो हा. तिन्ही गेम हेच शिकवतात पण अडवायची रीत प्रत्येकाची वेगळी आहे, आणि मजाही तिथंच बदलते.

प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज २००९ चा, पॉपकॅप कंपनीचा, जॉर्ज फॅन हा त्याचा डिझायनर. घरापुढचं अंगण, त्यात पाच सरळ ओळी, डावीकडे घर आणि उजवीकडून झॉम्बी. वळण नाही, खिंड नाही, प्रत्येक ओळ म्हणजे वेगळा बांध. अडवायला वॉलनट म्हणजे अक्रोड लावायचा, तो ५० सूर्यांचा, झॉम्बी तो कुरतडत बसतो आणि मागून मटार सुटत राहतात. सूर्य म्हणजे इथला पैसा, दिवसा आकाशातून पडतो आणि सूर्यफूल देतं. सूर्यफूल ५० चं, मटार मारणारं झाड १०० चं, त्यामुळे पहिल्या मिनिटाला प्रश्न असा पडतो की आधी पिकवायचं की आधी राखायचं. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा हे पटकन उचलतो.

किंगडम रश २०११ चा, उरुग्वे देशातल्या आयर्नहाइड कंपनीचा. वाट वळणावळणाची, टॉवर उभे करायच्या जागा ठरलेल्या, आणि टॉवर चारच जातीचे : बाणवाले, जादूगार, तोफ आणि सैनिकांची बराक. यातली बराक म्हणजे या गेमचा जीव आहे. बराकीतून तीन सैनिक निघतात आणि वाटेत उभे राहून शत्रूशी हातघाईची लढाई करतात, शत्रू तिथंच थांबतो आणि बाकीचे टॉवर त्याला झोडतात. बराकीवर बोट ठेवलं की एक झेंडा हलवता येतो, सैनिकांनी नेमकं कुठं उभं राहायचं ते त्यावरून ठरतं. एकाच लेव्हलमध्ये मी हा झेंडा वळणाच्या अलीकडे ठेवला तर एकट्या तोफेचा मारा लागायचा, आणि अंगठ्याएवढं अंतर पुढं सरकवला तर तोफ, जादूगार आणि बाण तिन्ही त्याच जागेवर पडायला लागले. नवीन काही बांधलं नाही आणि हरत आलेला डाव तीन स्टारवर जिंकला. धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा किल्ला लागतो ना, वर चढून खालचा रस्ता बघ एकदा, जागा निवडणाऱ्याने काय विचार केला असेल ते हा गेम खेळल्यावर जास्त कळतं.

ब्लून्स टीडी ६ हा २०१८ चा, न्यूझीलंडच्या निंजा किवी कंपनीचा. माकडं टॉवर आहेत आणि फुगे शत्रू. इथं फुग्याला अडवून धरणारा सैनिक नाही, फुगा चालतच राहतो, तू फार तर डिंक टाकून त्याला सावकाश करू शकतोस किंवा क्षणभर गारठवू शकतोस. त्यामुळे सगळं डोकं जागेत आणि अपग्रेडमध्ये. प्रत्येक माकडाला अपग्रेडचे तीन रस्ते, प्रत्येकात पाच पायऱ्या, पण एका माकडाला दोनच रस्ते घेता येतात आणि त्यातला एकच दोन पायऱ्यांच्या पुढं नेता येतो. म्हणजे एकच जातीचं माकड, पण दोन खेळणाऱ्यांकडे अगदी वेगळं बनतं. वळणाच्या आतल्या बाजूला बसवलं तर तेच माकड वाट दोन-दोनदा झोडतं.

माझं मत विचारशील तर एकच घ्यायचा तर किंगडम रश घे. मुख्य मोहीम १२ लेव्हलची आहे, म्हणजे संपते, आणि संपेपर्यंत अडवणं म्हणजे काय ते हाडात बसतं. चिलखतवाला आला की जादूगार, कारण जादूला चिलखत अडवत नाही, आणि जादूला दाद न देणारा आला की बाण आणि तोफ, उडणारा आला की तोफ आणि बराक दोन्ही हात चोळत बसतात, हे सगळं एकही धडा न वाचता कळत जातं. ब्लून्स त्याच्यासाठी ज्याला एकच गेम दोन-तीन वर्षं खेळायचाय, त्याचे मॅप आणि मोड संपता संपत नाहीत. अजून एक, किंगडम रशची नंतरची फ्रंटियर्स २०१३ ची, ओरिजिन्स २०१४ ची, व्हेंजन्स २०१८ ची, अलायन्स २०२४ ची, ती सगळी चांगली आहेत पण सुरुवात पहिल्यापासूनच कर.

प्रश्न : आमची केळी आहे, रावेरला. ब्लून्समध्ये पण केळीची बाग लावता येते हे बघून लय आनंद झाला. पण मी सुरुवातीलाच तीन-तीन बागा लावतो आणि विसाव्या राउंडच्या आत हरतो. बाग लावणं चुकीचं आहे का?
– केळी उत्पादकाचा मुलगा, रावेर

उत्तर : बाग चुकीची नाही, लावायची वेळ चुकतेय. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे की आज खोड लावलं म्हणजे उद्या घड पडत नाही, मधले महिने घर कशावर तरी चालवावं लागतं.

हिशोब बघ. साधी बनाना फार्म मीडियमवर, म्हणजे मधल्या अवघड पातळीवर, १२५० च्या आसपास पडते आणि दर राउंडला, म्हणजे इथल्या वेव्हला, चार केळी टाकते, एका केळीचे २० म्हणजे राउंडला ८०. १२५० ला ८० ने भागलं तर नुसता घातलेला पैसा परत यायलाच सोळा राउंड लागतात. तू तीन बागा लावल्या म्हणजे पावणेचार हजार जमिनीत गाडले आणि राखायला एखादंच माकड उरलं. मग विसाव्याच्या आत हरणारच, त्यात नवल नाही. आधी दोन-तीन माकडं आणि एक हिरो म्हणजे खास साथीदार बसवून पहिले राउंड निवांत निघतायत एवढं बघ, मग एक बाग लाव आणि दुसरी लावण्याऐवजी आधी पहिलीलाच वरच्या रस्त्याने वाढव. तिसऱ्या पायरीला तिची प्लान्टेशन होते, खरी कमाई तिथून सुरू होते.

केळी पडली की बोट फिरवून गोळा करावी लागते, नाहीतर थोड्या वेळाने ती नाहीशी होते आणि पैसे बुडतात. मे महिन्यात माझा मावसभाऊ, तो पण तुमच्याच तालुक्यातला, दुपारी ४४-४५ डिग्रीत बाहेर जायची सोय नाही म्हणून ओसरीत खाटेवर पडून खेळत होता, आणि राउंड चालू असताना त्याचं सगळं लक्ष त्या केळ्या वेचण्यात, एक सुटली तर जीव हळहळायचा त्याचा. शेवटी मी त्याला खालच्या रस्त्याचं मार्केटप्लेस दाखवलं, त्यात केळी पडतच नाही, पैसे थेट जमा होतात, जणू व्यापारी बागेतूनच माल उचलतो. मधल्या रस्त्याला मंकी बँक आहे, तिच्यात पैसा साठतो आणि व्याज लागतं. वेचायचा कंटाळा असेल तर मार्केटप्लेस घे, सगळं लक्ष देऊन खेळणार असशील तर प्लान्टेशन.

बेंजामिन नावाचा हिरो पैसा वाढवायलाच आहे, तो बागेबरोबर चांगला जातो. आणि शेवटच्या कठीण राउंडांआधी बागा विकून एक मोठा टॉवर घ्यायचा हे मुरलेले खेळाडू सर्रास करतात. मात्र चिम्प्स नावाचा मोड आहे त्यात जादा कमाई बंद आणि विकणं पण बंद, तिथं बागेचा विचारच सोडून द्यायचा.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, माझ्याच मोबाईलवर खेळतो. मारामारीचे गेम नको वाटतात, आणि पैसे कापले जातील अशी भीती पण वाटते. टॉवर डिफेन्स त्याच्या वयाला बरा आहे का?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, बरा आहे, आणि तुमची भीती पण रास्त आहे, दोन्ही नीट बघू. आधी पैशाचं. आमच्याच घरात माझ्या भाच्याने एका फुकटच्या गेममध्ये ताईच्या फोनवरून रत्नं का हिरे विकत घेतले होते, त्याला वाटलं ते गेममधलेच पैसे आहेत, आणि ताईला बँकेचा मेसेज आला तेव्हा कळलं. पोरगं दोन दिवस रडत होतं, त्याची चूक नव्हतीच. म्हणून आजच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि कुठलाही गेम उतरवण्याआधी त्याच्या नावाखाली इन-ॲप खरेदी असं लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर तो गेम वाईट असं नाही, पण पासवर्ड लावल्याशिवाय पोराच्या हातात द्यायचा नाही.

गेम म्हणाल तर त्याला प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीजचा पहिला भाग द्या. रक्त वगैरे नाही, झॉम्बी चित्रातले, एकाच्या डोक्यावर रस्त्यावरचा शंकू, एकाच्या डोक्यावर बादली, एक पेपर वाचत येतो आणि पेपर फाटला की चिडतो. मुलं हसतात. आणि चूक झाली तरी लगेच हरत नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटी गवत कापायचं मशीन उभं असतं, ते एकदा पूर्ण ओळ साफ करतं आणि जातं, म्हणजे प्रत्येक ओळीला एक माफी आहे. नऊ वर्षांच्या मुलाला ही माफी लागते. रात्रीच्या लेव्हलला सूर्य आकाशातून पडत नाही, तिथं अळंबी लावावी लागते, आणि तेव्हा बघा तो स्वतःच थांबून विचार करायला लागेल. मोबाईलवर फुकट मिळतो त्याच्यात जाहिराती येतात, त्या आल्या की फोन तुमच्याकडे द्यायचा असं आधीच ठरवून टाका. दुसरा भाग २०१३ चा, तो पण मजेदार आहे पण त्यात काही झाडं खऱ्या पैशाने विकतात, तो आत्ता नको.

एक दिवस शेजारी बसून त्याला एवढंच विचारा, हे झाड इथंच का लावलंस? उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

प्रश्न : २००७-०८ च्या सुमारास धुळ्यात कॉलेजच्या मागे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही एक गेम खेळायचो. रिकामं पांढरट मैदान, वाट वगैरे काही नाही, आपणच टॉवर लावून भूलभुलैया करायचा आणि ठिपके त्यातून पळायचे. नाव आठवत नाही. आता मिळेल का?
– धुळे

उत्तर : नाव आहे डेस्कटॉप टॉवर डिफेन्स, पॉल प्रीसचा, २००७ चा. तुमचं पत्र वाचून मलाच त्या खुर्च्या आठवल्या. डावीकडून आणि वरून क्रीप म्हणजे ते ठिपके, शत्रू, शिरायचे आणि समोरच्या बाजूने बाहेर पडायचे, आणि नियम एकच, वाट पूर्ण बंद करता येणार नाही. मग आपण सगळ्यात स्वस्त पेलेट टॉवरच्या नुसत्या भिंती उभ्या करायचो, क्रीपला मैदान ओलांडायला सरळ पाच सेकंद लागत असतील तर त्याला इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवून फिरवून दमवायचं. पांझरेच्या काठच्या फड बंधाऱ्यांचं पाणी पाटाने कसं फिरवून फिरवून शेवटच्या वावरापर्यंत नेतात, तसंच ते. आणि उस्ताद लोक त्याच्यापुढं जायचे, क्रीप शेवटाशी आले की एक टॉवर विकून तिकडची वाट उघडायची, दुसरीकडे एक लावून आधीची बंद करायची, सगळी टोळी उलटी फिरायची. उडणारे मात्र भूलभुलैया जुमानायचे नाहीत, सरळ जायचे, आणि तिथंच आपण हरायचो.

ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये खेळाडूंनी स्वतः बनवलेले नकाशे असायचे, टॉवर डिफेन्स हे नाव खरं तिथून पसरलं, आणि मुळाशी गेलं तर १९९० चा अटारीचा रॅम्पार्ट, किल्ल्याची भिंत बांधा, तोफा ठेवा, पडलेली भिंत पुन्हा बांधा.

तुमचा गेम फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरवर चालायचा आणि ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, त्यामुळे साध्या ब्राउझरमध्ये तो आता चालत नाही. जुने फ्लॅश गेम जपून ठेवायला फ्लॅशपॉइंट नावाचा मोठा संग्रह आहे, कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, जुन्या गेमांचा शोध मी तिथूनच सुरू करतो. जुने ब्लून्स हवे असतील तर निंजा किवीने स्वतःच स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आपल्या फ्लॅश गेमांचं आर्काइव्ह फुकट ठेवलंय. आणि तीच मजा जरा नव्या कपड्यात हवी असेल तर डिफेन्स ग्रिड, २००८ चा, कॉम्प्युटरवरचा. त्यात शत्रू नुसते पलीकडे जात नाहीत, ते तुमचे २४ पॉवर कोअर चोरून परत त्याच वाटेने पळतात. म्हणजे येताना सुटला तरी जाताना सापडतो, आणि मेला की कोअर हळूहळू तरंगत परत घराकडे निघतो, तो पोचेपर्यंत जीव टांगणीला असतो. काही मॅपवर भूलभुलैया पण करता येतो. मला विचाराल तर या प्रकारातला सगळ्यात विचारपूर्वक केलेला गेम हाच.

प्रश्न : मी रेल्वेत आहे, भुसावळला. ड्युटी संपली की दुसऱ्या गावच्या रनिंग रूममध्ये विश्रांती असते, तिथं नेटचा भरवसा नाही आणि कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. असा गेम सांगा जो नेटशिवाय चालेल आणि अर्धवट सोडला तरी वाया जाणार नाही.
– भुसावळ

उत्तर : तुमच्यासाठी ब्लून्स टीडी ६. एकट्याने खेळायला नेट लागत नाही आणि प्रत्येक राउंड संपला की तो डाव आपोआप जपून ठेवतो, बोलावणं आलं तर फोन खिशात टाका, पुढच्या विश्रांतीला तिथूनच सुरू. किंगडम रश पण नेटशिवाय चालतो पण तिथं लेव्हल मध्येच सोडली आणि ॲप बंद झालं की ती लेव्हल पहिल्यापासून खेळावी लागते, बारा-पंधरा मिनिटं हातात आहेत अशी खात्री असेल तेव्हाच तो उघडा. घरून निघण्याआधी वायफायवर गेम एकदा उघडून अपडेट करून घ्यायचा. आणि झोप आधी, गेम नंतर, हे तुम्हाला सांगायची गरज नाही पण काळजीने लिहितोय, गाडी तुमच्या हातात असते.

प्रश्न : ब्लून्स ६ हार्डवर मी प्रत्येक वेळी ६३ ला मरतो. ६२ पर्यंत एक लाइफ जात नाही आणि ६३ ला सगळं संपतं. काय चुकतंय?
– नंदुरबार

उत्तर : ६३ ने भल्याभल्यांना रडवलंय. मीडियम ६० ला संपतं म्हणून तिथं हा राउंड भेटतच नाही, हार्ड ८० पर्यंत जातं आणि मग हा पहिल्यांदा समोर येतो. या राउंडला शिशाचे फुगे येतात आणि सिरॅमिकचे लोंढेच्या लोंढे, अगदी दाटीने. तोपर्यंत तू बहुतेक मोॲब नावाच्या अवाढव्य फुग्यासाठी तयारी केलेली असते, म्हणजे एका मोठ्या फुग्याला जोरात मारणारी माकडं. ती एकावेळी एकालाच बघतात, आणि इथं लागतो गर्दीवर पडणारा मारा.

तीन गोष्टी कर. पहिली, शिसं फुटतंय का ते बघ, साध्या टोकदार बाणाने ते फुटत नाही, त्याला बॉम्ब लागतो, किंवा अल्केमिस्ट शेजारी बसव, त्याच्या दुसऱ्या पायरीच्या ॲसिडमुळे बाजूच्या माकडांचे बाण शिशालाही लागू होतात. दुसरी, वाटेच्या शेवटच्या टोकाला स्पाइक फॅक्टरी, वरच्या रस्त्याने दोन पायऱ्या, तापलेले खिळे शिसं पण फोडतात, आणि ती आधीच्या राउंडांपासून लावलेली असेल तर सगळ्यांतून निसटलेलं तीच उचलते. तिसरी, आणि हीच तू करत नसशील असं मला वाटतं, डिंकवाला ग्लू गनर. पण तो सुरुवातीला नको, तुझा सगळ्यात जास्त मारा जिथं पडतो त्याच्या जरा आधी बसव, म्हणजे लोंढा नेमका माऱ्यात येऊन सावकाश होईल. मी कितीदा बघितलंय, लोक डिंकवाला वाटेच्या तोंडाशी लावतात, फुगे जिथं एकही माकड नाही तिथं हळू चालतात आणि माऱ्यापर्यंत येईस्तोवर डिंकाचा असर गेलेला असतो. पन्नासच्या पुढं फुग्यामागचे पैसे पण कमी होतात, तेव्हा ही खरेदी ५० च्या आधीच उरकून ठेव.

प्रश्न : सर, डिप्लोमा करतोय, शिरपूरला. पैसे न भरता आणि जाहिराती न बघता काही मिळेल का? फॅक्टरी टाइप गेम पण आवडतात.
– शिरपूर

उत्तर : मिंडस्ट्री. अँड्रॉइडवर फुकट, सोर्स कोड खुला, स्टीमवर घेतला तर पैसे पडतात पण गेम तोच. यात टॉवर नुसता उभा करून भागत नाही, त्याला दारूगोळा पुरवावा लागतो, ड्रिल लावून तांबं काढायचं, कन्व्हेअर पट्ट्यावरून तोफेपर्यंत न्यायचं. ड्युओ नावाची साधी तोफ तांब्यावर चालते, ग्रॅफाइट दिलं तर जास्त जोरात मारते. पट्टा कुठं तुंबला आणि तेवढ्यात वेव्ह आली की तोफ रिकामीच उभी. सुरुवातीचा तास अवघड जातो, तो काढ.

प्रश्न : माझा भाऊ पुण्याला नोकरीला आहे, मी अमळनेरला. आम्ही लहानपणी एकाच कॉम्प्युटरवर खेळायचो. आता दोघं मिळून खेळता येईल असा टॉवर डिफेन्स आहे का?
– अमळनेर

उत्तर : आहे ना ताई, ब्लून्स टीडी ६ मध्ये को-ऑप म्हणजे मिळून खेळायची सोय आहे, चार जणांपर्यंत. मॅपचे भाग वाटले जातात, प्रत्येकाने आपल्याच भागात माकडं लावायची, पैसे वेगवेगळे पण एकमेकांना पाठवता येतात. दोघांकडे गेम असला पाहिजे आणि इथं नेट चांगलं लागतं, तेव्हा लाइट जायची वेळ टाळून बसा. मॅप पहिल्यांदा सोपाच निवडा. वाट ज्याच्या भागातून आधी जाते त्याने मारा सांभाळायचा आणि मागच्याने बाग लावून पैसे पाठवत राहायचं, असं वाटून घेतलं तर दोघंही कामाला लागतात. खेळताना फोन स्पीकरवर ठेवा, कारण गेममध्ये खुणा पाठवता येतात पण भावाला ओरडून सांगता येत नाही की शिसं आलं, बॉम्ब लाव.